एका टोपलीतला भात

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात ‘माझा शेजार’ या विषयावर केलेलं भाषण. बोलताना घाईत जे राहून गेलं, ते इथे लिहिताना घातलं आहे.)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर मसाला दूध आहे. त्यामुळे पंधराची वीस झाली की तुमचं लक्ष माझ्याकडे नसून त्या पातेल्याकडे असणार, हे मला ठाऊक आहे. त्यात मी पेशाने आयटीवाला. आमच्या लोकांनी सांगितलेल्या वेळेवर कोणी विश्वास ठेवत नाही. तरी प्रयत्न करतो.

विषय आहे ‘माझा शेजार’. मी बोलणार आहे जेवणाबद्दल. पण आपल्या नाही, लाओसच्या. लाओस म्हटल्यावर इथे दोन-चार जणांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तोच २०१७ साली माझ्याही चेहऱ्यावर आला होता. हा देश थायलंड आणि व्हिएतनामच्या मध्ये आहे. समुद्र नाही, पण मेकाँगसारखी नदी आहे. राजधानी व्हिएन्टिआन. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सांगलीचा. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून २०१० साली नोकरीला लागलो, २०१४ साली ऑनसाइट म्हणून इथे मिनेसोटात आलो आणि इथलाच झालो. ‘दोन वर्षांत परत येतो’ असं मीही आईला सांगितलं होतं. हसू नका, तुम्हीही सांगितलं होतं!

२०१७ च्या सप्टेंबरात आम्ही घर घेतलं. सामान अजून खोक्यातच होतं, तेवढ्यात दार वाजलं. दारात सत्तरीच्या पुढच्या एक बाई, ठेंगण्याठुसक्या, कमरेला भरजरी काठाचं लुंगीसारखं वस्त्र, वर मुलाचं असावं असं ढगळ जाकीट. हातात झाकलेला डबा. मागे त्यांचा मुलगा उभा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. बाई म्हणाल्या, “किन खाव लॅव बो?”

त्यातलं मला फक्त ‘खाव’ कळलं! मुलाने इंग्रजीत अर्थ सांगितला: “आई विचारतेय, जेवलात का?” लाओ भाषेत ‘खाव’ म्हणजे भात आणि ‘किन खाव’ म्हणजे जेवणे. घरी आलेल्याला, रस्त्यात भेटलेल्याला हे विचारायचं, अशी त्यांची रीत. मंडळी, अमेरिकेत तीन वर्षं मला लोक ‘हाऊ आर यू’ विचारत होते आणि उत्तर न ऐकता पुढे जात होते. इथे एक बाई ‘जेवलात का’ विचारत होत्या आणि उत्तरासाठी थांबल्या होत्या.

आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. तिने त्यांचं ‘लाओ आजी’ असं नामकरण केलं, आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

आता थोडं त्यांच्या भाताबद्दल. आपल्याकडे भात चिकट झाला की करणाऱ्याचा उद्धार होतो. शीत न् शीत मोकळं पाहिजे. लाओ माणसाचं बरोबर उलटं. त्यांचा रोजचा भात म्हणजे ‘खाव नियाव’, चिकट भात. या तांदळाच्या पिठूळ भागात अमायलोज नावाचा घटक जवळजवळ नसतोच, म्हणून शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून राहतात. हा तांदूळ उकळत्या पाण्यात घालायचा नाही. रात्रभर भिजवायचा, सकाळी उपसायचा, आणि बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरून पाण्याच्या हंड्यावर वाफवायचा. मग लाकडी उलथण्याने उलथापालथ करून वाफ मोडायची आणि झाकणाच्या विणलेल्या टोपलीत भरायचा. या टोपलीला ते ‘तिप खाव’ म्हणतात. बांबूच्या विणीतून वाफ निघून जाते, म्हणून भाताला पाणी सुटत नाही आणि तो वाळतही नाही. शेतावर जाणारा माणूस ही टोपली खांद्याला अडकवून जातो. म्हणजे आपला भाकरी बांधलेला फडकाच म्हणा ना.

जेवताना सगळ्या वाट्या एकदम मध्ये मांडतात. खाली वेताचं गोल, बुटकं ताटाळं असतं, त्याला म्हणतात ‘पा खाव’. सगळे त्याच्याभोवती जमिनीवर गोल बसतात. पहिला घास घरातल्या वडीलधाऱ्यांचा. मग प्रत्येकाने टोपलीतून चिमूटभर भात घ्यायचा, बोटांनी दाबून त्याची छोटी गोळी करायची, मधल्या वाटीत टेकवायची आणि तोंडात टाकायची. प्रत्येकाला वेगळं ताट असं नाही. आपण पंगतीत रांगेने बसतो आणि प्रत्येकाचं पान वेगळं. त्यांचं पान एक आणि बसणं गोल.

लाओ आजींनी त्या दिवशी आणलेल्या डब्यात ‘लाप’ होतं. बारीक चिरलेलं मांस, लिंबू, पुदिना, कोथिंबीर आणि भाजून कुटलेल्या तांदळाची भरड. लग्नात आणि एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या त्यांच्या नव्या वर्षाला हे हवंच. का, तर नशीब, भरभराट या अर्थाचा त्यांचा शब्दही ‘लाप’ असाच उच्चारतात. आणि हा दुसरा शब्द आला कुठून? पालीतून. मूळ शब्द ‘लाभ’. आपण लक्ष्मीपूजनाला वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहितो ना, तोच लाभ! बौद्ध धर्माबरोबर पाली तिकडे गेली आणि आपला लाभ त्यांच्या घरात जाऊन बसला. हे कळल्यावर माझी बायको म्हणाली, “म्हणजे पहिल्याच दिवशी आपल्या घरात लाभ आला.” ती मालवणची. सणाला असं काहीतरी शुभ शोधून काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

तिचं आणि लाओ आजींचं जमलं ते मात्र वासावरून. लाओ स्वयंपाकात ‘पाडेक’ नावाचा प्रकार असतो. मासे, मीठ आणि भाताचा कोंडा एकत्र करून महिनोन्महिने मुरवायचे. त्यांच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत हे लागतंच. आजींची बरणी गॅरेजमध्ये असायची, कारण सुनेने घरात ठेवायला बंदी केली होती. एकदा त्यांनी झाकण उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. बायको दोन पावलं पुढे गेली. “अगं बाई, आमच्याकडच्या सुकटीच्या डब्याचाच वास!” अपार्टमेंटमध्ये असताना तिने बोंबील भाजले होते तेव्हा आमच्या मजल्यावर काय झालं होतं, ते या सभागृहात बसलेल्या दोन कुटुंबांना आठवत असेल. त्यांची मी पुन्हा एकदा क्षमा मागतो.

आता हे लोक इथे आले कसे, ते सांगायला हवं. आपण आलो ते तिकीट काढून, बॅगेत प्रेशर कुकर आणि मेतकूट घालून. ते तसे आले नाहीत. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात, १९६४ ते १९७३ या वर्षांत, अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले कित्येक तेव्हा फुटलेच नाहीत, आणि ते आजही तिथल्या शेतांत सापडतात. १९७५ साली तिथे सत्ता बदलली, राजेशाही गेली, आणि त्यानंतर लाखो लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले. तिथून कोणी फ्रान्सला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी इकडे अमेरिकेला. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि आपलं मिनेसोटा इथे त्यांची वस्ती जास्त. सेंट पॉलला आपण भाजी आणायला ज्या हमाँग बाजारात जातो, ते हमाँग लोकही लाओसमधूनच आले, पण त्यांची भाषा आणि चालीरीती वेगळ्या.

लाओ आजी १९७९ साली रात्रीच्या होडीतून नदी ओलांडून आल्या. मुलगा छावणीत जन्मला. १९८१ साली ते इथे पोचले, जानेवारीत. छावणीतून थेट मिनेसोटाचा जानेवारी! त्यांनी सांगितलं, की पहिली काही वर्षं त्यांच्या ओळखीच्या दुकानांत त्यांचा तांदूळ मिळत नसे. मग कोणीतरी शोध लावला, की जपानी लोक मोचीसाठी वापरतात तो तांदूळ चालतो. वाफवायची टोपली नव्हती, तर चाळणीत मलमल घालून भात केला. कच्ची पपई नव्हती, तर गाजर किसून कोशिंबीर केली. हे ऐकताना मला आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांची आठवण झाली. रिकोटा चीजचे पेढे, बिस्क्विकचे गुलाबजाम, सावर क्रीमचं श्रीखंड. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या काकू हसताहेत, म्हणजे त्यांनी केलेलं आहे!

पण एक फरक मी विसरत नाही. आपल्याला घरची आठवण अनावर झाली तर आपण रजा टाकून तिकीट काढतो. आजींना वर्षानुवर्षं तो रस्ताच बंद होता. त्यांचे आईवडील गेले तेव्हा त्यांना बातमी कळली ती कित्येक महिन्यांनी. आपली हुरहूर आणि त्यांची हुरहूर एका तराजूत घालू नये, एवढंच म्हणतो.

आणि आता मी माझ्या घरात येतो, कारण हे भाषण खरं तर त्याबद्दल आहे.

२०१६ साली माझे वडील गेले. २०१८ च्या मे महिन्यात आईला सहा महिन्यांसाठी इथे आणलं. आल्या आल्या तिला सगळं दाखवलं. डिशवॉशर, मॉल, मिसिसिपीचा उगम. फ्रिज भरलेला, टीव्हीवर मराठी मालिका. मला वाटलं, आपण फार केलं.

आमच्या घरातलं जेवण तेव्हा कसं होतं, सांगतो. माझे भारतातल्या टीमबरोबरचे कॉल संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे, म्हणजे तिकडे सकाळचे सहा. त्याआधी क्लायंटची कामं. त्यामुळे मी ताट घेऊन लॅपटॉपसमोर. बायकोचं ऑफिस लांब. ती घरी आली की आधी मुलीला भरवायची, तेही आयपॅडवर गाणी लावून, आणि मग ओट्यापाशी उभ्या उभ्या स्वतः दोन घास. आई दुपारी साडेबाराला आणि रात्री सातला. एकटी. पहिले काही दिवस तिने विचारलं, “थांबू का रे तुमच्यासाठी?” मी म्हणालो, “नको गं, तू घे जेवून, आमचं काही खरं नाही.” मला वाटलं, मी तिची सोय बघतोय.

असे दीड महिना चाललं. आई काही बोलली नाही. सांगलीच्या बायका अशा गोष्टी बोलत नाहीत.

एका शनिवारी लाओ आजींचा मुलगा अंगणात गवत कापत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं आणि जरा अवघडून म्हणाला, “माझी आई एक विचारत होती. तुझी आई काही चुकली आहे का?” मला कळेना. तो म्हणाला, “आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं डायनिंग टेबल दिसतं. ती रोज एकटी जेवते. आमच्यात कोणाला एकटं जेवायला बसवत नाहीत. म्हणून आईला वाटलं, तुम्ही तिच्यावर रागावला आहात.”

मंडळी, माझ्या कोडमध्ये लोकांनी चुका दाखवल्या आहेत, प्रोजेक्ट बुडाल्यावर बोलणी खाल्ली आहेत. पण एवढा ओशाळलो मी कधीच नव्हतो. आणि सगळ्यात वाईट हे, की त्यात त्यांचा टोमणा नव्हता. त्यांना खरंच काळजी वाटली होती.

सोमवारी दुपारी मी घरूनच काम करत होतो. साडेबाराला मागचं दार वाजलं. आजी. एका हातात भाताची टोपली, दुसऱ्या हातात वाटी. आईला हाताने खूण केली, बस.

माझी आई शाकाहारी. आजींना मी आधी कधीतरी ते सांगितलं होतं, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. वाटीत भाजलेल्या वांग्याचं ‘ज्याव’ होतं. वांगी, मिरच्या आणि लसूण सालीसकट विस्तवावर भाजायची, सोलायची, दगडी खलात कुटायची. त्यात पाडेक घालतात, पण आईसाठी नुसतं मीठ घातलेलं. आईने बोटाने चाखलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, हे तर भरीत!” आणि उठून फ्रिजमधून तिने केलेला खरडा काढला. तोही भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाचाच. आजींनी भाताची गोळी त्यात टेकवली, खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आईच्या पाठीवर जी थाप मारली, ती पैलवानाची होती.

पण सगळं पहिल्याच दिवशी गोड झालं असं नाही. एका वाटीत दोघींनी हात घालायचा म्हणजे आईच्या मते उष्टं. तिने आपल्यापुरतं भरीत चमच्याने वेगळ्या ताटलीत काढून घेतलं. आजी बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळलं असेल, काही नसेल. मला मध्ये पडावंसं वाटलं, पण इंग्रजी दोघींनाही बेताचंच, मी कोणत्या भाषेत काय सांगणार? दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. मग आईच्या लक्षात आलं, की भाताची गोळी सुकी आणि घट्ट असते; नुसतं भाताचं टोक वाटीला लागतं, बोट लागत नाही. कधीतरी जुलैच्या शेवटी मी पाण्याची बाटली भरायला खाली आलो, तर दोघी एकाच वाटीतून जेवत होत्या आणि आई मराठीत तिला माझ्या वडिलांच्या आजारपणाचं सांगत होती. आजी लाओमध्ये काहीतरी सांगत होत्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मी पाणी न घेताच वर गेलो.

नंतर मुलाकडून मला कळलं, की दुपारी आजीही एकट्याच असायच्या. मुलगा कारखान्यात पहिल्या पाळीला, सून दुसऱ्या पाळीला, नातवंडं कॉलेजात. जो तो येईल तेव्हा फ्रिज उघडणार, मायक्रोवेव्हमध्ये गरम करणार आणि आपल्या खोलीत जाणार. टोपली टेबलावर भरलेली, आणि भोवती कोणी नाही. आजी त्याला म्हणायच्या, “छावणीत भात मोजून मिळायचा, पण जेवायला बसलं की आठ हात असायचे. इथे भात हवा तेवढा आहे.” पुढचं वाक्य त्या बोलत नसत.

मला वाटायचं, लाओ आजींना आठवण येते ती पाडेकची, मेकाँगच्या माशांची, तिकडच्या पालेभाज्यांची. तीही येतच असेल. पण आता इथल्या बाजारात चिकट तांदूळ पोत्याने मिळतो, पपई मिळते, बांबूची टोपलीसुद्धा मिळते. आपल्यालाही चकलीची भाजणी मिळते, हापूसचा रस मिळतो, पुरणपोळी गोठवलेली मिळते. पदार्थ परत मिळवता येतो. लाओसच्या राजवाड्यात फिया सिंग नावाचे मुख्य आचारी होते. ते १९६७ साली वारले. त्यांनी आपल्या पाककृती वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. १९७४ साली युवराजांनी त्या वह्या ब्रिटनचे तिथले राजदूत ॲलन डेव्हिडसन यांना दिल्या. पुढच्याच वर्षी राजेशाही संपली. पण वह्या वाचल्या, आणि १९८१ साली त्यांचं पुस्तक निघालं. आपल्या बॅगेत जशी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ असते, तसं ते आता जगभरच्या लाओ घरांत असतं. पाककृती अशी वहीत मावते. जेवायला आपली वाट बघत थांबलेलं माणूस मात्र वहीत मावत नाही. ‘पानं घेतली आहेत, ये लवकर’ अशी हाक ऐकू आली, की समजायचं आपण घरी आहोत. माझ्या घरात असं थांबायला एक माणूस तयार होतं, आणि मीच तिला थांबू नको म्हणून सांगितलं होतं.

त्या ऑगस्टपासून मी एक गोष्ट केली. फार मोठी नाही. ऑफिसच्या कॅलेंडरवर संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात रोजची वेळ अडवून टाकली. कारण लिहिलं, ‘फॅमिली डिनर’. मला वाटलं होतं आता आकाश कोसळणार. क्लायंटच्या एका माणसाने कारण विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला, “ठीक आहे.” बस्स, एवढंच. चार वर्षं मी ज्याला घाबरत होतो, ते एवढंच होतं. बायकोने आयपॅड कपाटावर ठेवला. मुलगी पहिला आठवडा रडली. दुसऱ्या आठवड्यात आजीच्या ताटातलं पळवायला शिकली.

ऑक्टोबरच्या अखेरीस आई परत निघाली. आदल्या दिवशी लाओ आजींनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांच्यात ‘बासी’ नावाचा विधी असतो. प्रवासाला निघताना, लग्नात, बाळ झाल्यावर, आजारातून उठल्यावर करतात. त्यांची समजूत अशी, की माणसात बत्तीस ‘ख्वान’ असतात. ख्वान म्हणजे प्राण म्हणा, जीव म्हणा. माणूस घाबरला, आजारी पडला, लांब गेला, की त्यातले काही भरकटतात, मागे राहतात. मग मध्ये फुलं, भात, अंडी, केळी मांडून त्यांना हाका मारायच्या, या रे बाबांनो, घरी या, आणि मनगटाला पांढरा सुती दोरा बांधून त्यांना तिथे बसवायचं. सगळ्यांनी एकेक दोरा आईच्या मनगटाला बांधला. पुटपुटत, आशीर्वाद देत. निदान तीन दिवस काढायचा नाही.

आई म्हणाली, “हा तर आपला रक्षेचा दोरा.” आणि मग मला म्हणाली, “त्यांना विचार, एखादा इथेच राहिला तर चालतं का?” मुलाने ते आजींना सांगितलं. आजी हसल्या नाहीत. त्यांनी आईचा हात धरून ठेवला, बराच वेळ.

आता आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही. ती सांगलीला असते. दर शनिवारी तिचे रात्रीचे आठ, म्हणजे उन्हाळ्यात आमचे सकाळचे साडेनऊ आणि घड्याळ मागे गेलं की साडेआठ. ती तिकडे फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवते, आम्ही इकडे पोहे नाहीतर उप्पीट खातो. बोलायला फार काही नसतं. मुलगी तिला ताट दाखवते, ती मुलीला ताट दाखवते. एकत्र जेवणं म्हणजे हे नव्हे, मला कळतं. पण ती आमच्यासाठी थांबलेली असते, आणि आता मी तिला थांबू नको म्हणत नाही.

लाओ आजी २०२२ साली त्यांच्या मुलीकडे कॅलिफोर्नियात, फ्रेझ्नोला गेल्या. इथली थंडी सोसेना. जाताना त्यांनी आम्हाला एक तिप खाव दिलं. चिकट भात आम्हाला त्यांच्यासारखा जमत नाही, म्हणून आम्ही त्यात पोळ्या ठेवतो. छान मऊ राहतात. फक्त एक अट त्यांनी घातली आहे: जेवण झालं की झाकण लावायचं. टोपली उघडी राहिली तर घर फुटतं, असं त्या म्हणतात. आमची मुलगी आता मोठी झाली आहे, ऊठसूट शंका काढते, देव दिसत का नाही म्हणून विचारते. पण जेवून उठताना ती न चुकता झाकण लावते.

तर मंडळी, माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाच्या दिवाळीचं जेवण कसं होतं, आपल्याला माहीत आहे. केटररची रांग, कागदी ताट, हॉलची वेळ संपत आलेली, पोरं एका कोपऱ्यात फोनवर, आपण उभ्या उभ्या मेंबरशिपबद्दल बोलतोय. काही जण तर डबा भरून घरी नेतात. यंदा एक पंगत करून बघूया का? जमिनीवर, ज्यांना जमत नाही त्यांना खुर्ची-टेबल. भारतातून आलेले सगळे आईवडील पहिल्या पंगतीत, आणि त्यांच्या शेजारी आपली मुलं. कोणाचेही आजी-आजोबा आणि कोणाचीही मुलं. आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी सुरू करायचं नाही. थांबायचं. एवढाच कार्यक्रम.

वाढप्यांची यादी मसाला दुधाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे. माझ्याकडे आमटी दिली तरी चालेल, पण मिठाची जबाबदारी देऊ नका.

वीस मिनिटं झालेली दिसताहेत. चला, दूध निवतंय.

ता. क. हे लिहून देईपर्यंत यादीत सतरा नावं झाली आहेत. त्यातली पाच हायस्कूलमधल्या मुलांची आहेत. आणि फ्रेझ्नोहून निरोप आला आहे. लाओ आजींनी विचारलं आहे, पंगतीत भात कोणता करणार?